डीकोडरवर आळ

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचन-लेखन बंदच होतं. 'ब्लॉग गुंडाळला की काय?' असं विचारणाऱ्या सगळ्यांना (त्यात आमच्या वन्संही आल्या) कळवते, की गुंडाळलेला नाही. आजचा विषय मात्र नेहमीचा नाही. ज्यांना रूळ, तारा वगैरेंत रस नाही त्यांनी खुशाल पुढच्या लेखाची वाट पाहावी. राग नाही. :-)

आमच्या मागच्या खोलीत रेल्वे आहे हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. ब्लॉगवरच्या मंडळींसाठी सांगते. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं, ते बघून आल्यापासून ह्यांच्या डोक्यात गाड्या शिरल्या त्या शिरल्याच. आता दहा फूट बाय पाच फुटांच्या प्लायवुडवर दोन स्टेशनं, एक बोगदा आणि अकरा सांधे आहेत. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे ज्याला एचओ म्हणतात ते. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. गेली सहा-सात वर्षं ह्यांचे हात थरथरतात, त्यामुळे बारीक तारा जोडण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीची बी. ए., पुढे बी. एड., चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विजेचा आणि माझा संबंध फ्यूज उडाला की वायरमनला फोन करण्याइतकाच. पण हे खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायचे, असं करता करता शिकले. आता मल्टिमीटर माझ्या पर्समध्ये असतो म्हटलं तरी चालेल.

तर या छंदातल्या लोकांचं एक आवडतं वाक्य आहे. 'डीकोडर गेला.' इंजिन अडलं, डीकोडर गेला. दिवा लुकलुकला, डीकोडर गेला. समूहावर एखाद्याने नुसतं 'माझं इंजिन...' एवढं लिहिलं, की वाक्य पुरं व्हायच्या आत चार जण निदान करून मोकळे. माझं मत असं आहे, की दहांतल्या नऊ वेळा हा बिचाऱ्यावर आळ असतो (हे नऊ मी मोजलेले नाहीत, आपली बोलायची पद्धत). आणि हा आळ घेण्याची सवय छंदाचं नुकसान करते आहे. नुकसान पैशाचं तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे नव्या मुलांचं. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी डीकोडर म्हणजे काय ते. जुन्या पद्धतीत रुळांतून साधा डीसी प्रवाह जायचा. व्होल्ट वाढवले की गाडी पळायची, तारांची अदलाबदल केली की उलटी जायची. सोपं. पण एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळणार. जर्मनीतल्या लेन्झ यांनी यावर डिजिटल युक्ती काढली आणि अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. त्यामुळे एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालतो. यात रुळांत सदासर्वकाळ चौदा-पंधरा व्होल्ट असतात, पण त्यांची दिशा सारखी उलटसुलट होत राहते. उलटण्याचा वेळ हीच भाषा. अठ्ठावन्न मायक्रोसेकंदांची खेप म्हणजे 'एक', शंभर मायक्रोसेकंदांची किंवा त्याहून लांब खेप म्हणजे 'शून्य'. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) या एक-शून्यांतून निरोप जातो: तीन नंबर, पुढे चल, अमुक वेगाने. प्रत्येक इंजिनाच्या पोटात डीकोडर नावाची नखाएवढी पाटी बसवलेली असते. ती सगळे निरोप ऐकते, आपल्या नंबराचा तेवढा पाळते, बाकीचे सोडून देते.

निरोपाच्या शेवटी पडताळणीचे अंक असतात. पडताळा जमला नाही, तर डीकोडर तो निरोप मोडीत काढतो आणि आधी सांगितलेलं काम तसंच चालू ठेवतो. आता बघा, रूळ मळलेला आहे, चाकांवर काळी पुटं चढली आहेत, निरोप तुटक ऐकू येतो आहे. डीकोडर काय करील? न ऐकल्यासारखं करील. आपण म्हणणार, 'ऐकत नाही, बिघडलाय.' वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला फळ्यावरचं दिसत नसतं आणि आपण त्याला ढ ठरवतो, त्यातला प्रकार. चष्मा लावल्यावर तोच मुलगा पहिला आलेला मी पाहिला आहे.

असो.

जाहिरातींमध्ये एक अर्धसत्य सांगितलं जातं, त्यावर माझा पहिला राग आहे. 'डिजिटल घ्या, फक्त दोन तारा जोडा आणि सुरू करा!' जमिनीवर मांडलेल्या गोल रुळाला हे लागू पडतं. खोलीभर मांडणीला नाही. रूळ ज्या धातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात, आपल्या आजीच्या वेळचं जर्मन सिल्व्हर. नावात चांदी असली तरी त्यात चांदी औषधालाही नाही; तांबं, निकेल आणि जस्त. गंजत नाही म्हणून रुळाला छान. पण तार म्हणून अगदी सुमार, कारण तांब्याच्या पंधरा-वीसपट अवरोध. साधारण बारीक रूळ धरला तर पाच मीटर जाऊन पाच मीटर परत यायला दीडेक ओहम फक्त रुळातच जातो. त्यात दर तीन फुटांवर रुळांना जोडणारी ती इवलीशी पत्र्याची जोडपट्टी. नवी असताना घट्ट, वर्षभराने सैल, पुण्याच्या दोन पावसाळ्यांनंतर काळी. वीज तिच्यातून जाईल ही श्रद्धा झाली, जोडणी नव्हे.

म्हणून खालून जाड तारेची जोडी फिरवायची आणि दर तीन-चार फुटांवर तिच्यातून वीतभर बारीक तार वर काढून रुळाला डाख द्यायचा. (सोल्डरिंग म्हणा हवं तर. आमच्या लहानपणी तांबट आळीत डाखच म्हणत.) आमच्याकडे खालची तार अडीच स्क्वेअरची आहे, जी घराच्या वायरिंगला लागते तीच, तुळशीबागेच्या आसपास कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारी. जाऊन-येऊन दहा मीटरला तिचा अवरोध एक ओहमच्या चौदाव्या-पंधराव्या हिश्शाएवढा. तेच घंटीची बारीक तार वापरली तर जवळजवळ एक ओहम. तीन अँपिअर प्रवाह चालू असताना जाड तारेत दोन दशांश व्होल्ट हरवतात, बारीक तारेत अडीच. पंधरातले अडीच गेले की लांबच्या स्टेशनात इंजिनं कण्हायला लागतात आणि आपण म्हणतो, डीकोडर गेला!

यात नुसतं कण्हणं असतं तरी मी एवढं लिहिलं नसतं. खरी भीती वेगळी आहे. डबा रुळावरून घसरला आणि दोन्ही रूळ एकमेकांना भिडले, तर कंट्रोलरने ताबडतोब प्रवाह तोडायला हवा. तो केव्हा तोडील? प्रवाह मर्यादेबाहेर गेला तरच. वाटेत अवरोध फार असेल, तर शॉर्ट होऊनही प्रवाह मर्यादेच्या आत राहतो. कंट्रोलरला वाटतं, पाच-सहा गाड्या चालल्या असतील. आणि तो इमानेइतबारे वीज पाठवत राहतो. पंधरा व्होल्ट आणि पाच अँपिअर म्हणजे पंचाहत्तर वॅट. माझी डाख द्यायची सळई पंचवीस वॅटची आहे आणि तिच्याने कथील पाण्यासारखं वितळतं. ह्याचा बराचसा भाग एखाद्या प्लास्टिकच्या डब्याखाली साठला तर काय होईल ते सांगायला नको. एका परिचितांच्या डब्याची चाकांची चौकट मऊ होऊन वाकलेली मी प्रत्यक्ष पाहिली आहे. त्यांनीही त्या दिवशी डीकोडरच बदलला होता.

यावरची परीक्षा जगभरचे छंदिष्ट वापरतात आणि तिला एक नाणं लागतं. मांडणीच्या अगदी टोकाला जाऊन दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवायचं. कंट्रोलर लगेच बंद पडला तर तारा ठीक. नाही पडला, तर नाणं चटकन उचलायचं आणि तारा बदलायला घ्यायच्या. आपलं रुपयाचं नाणं साडेसोळा मिलिमीटरांवर व्यवस्थित बसतं. दर दोन फुटांवर, प्रत्येक सायडिंगमध्ये, सांध्यांच्या पलीकडे. अर्ध्या तासाचं काम आहे. पण मी विचारते तेव्हा बहुतेक जण म्हणतात, 'केलं नाही अजून, पण गाड्या चालतात.' गाड्या चालणं आणि तारा सुरक्षित असणं या दोन गोष्टी आहेत हो.

आता तो मुलांचा मुद्दा. माझ्या धाकट्या जाऊबाईंचा नातू दहावीला आहे, नाशिकला. दोन वर्षांचे दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे साठवून त्याने एक जुनं इंजिन घेतलं, दुसऱ्या छंदिष्टाकडून. घरी आणून रुळावर ठेवलं, नंबर दिला. दिवे लागले. पण इंजिन जागचं हलेना. त्याने समूहावर विचारलं. उत्तरं ठरलेली. 'मोटरचा भाग जळलाय.' 'दिवे लागतात ना? मग नक्कीच जळलाय.' एका वयस्कर गृहस्थांनी तर लिहिलं, 'तू काहीतरी केलं असशील.' झालं! बाबा म्हणाले, आता पुरे, दहावी आहे, ठेव सगळं माळ्यावर. पोरगं रडकुंडीला आलेलं. जळालं म्हणून नव्हे, तर आपण जाळलं असं सगळे म्हणतात म्हणून.

मला त्याचा फोन आला. मी म्हटलं, "अरे, आधी मला सांग, इंजिन प्रोग्रामिंगच्या रुळावर ठेवून वाचून पाहिलंस का? वाचताना ते जरासं थरथरतं का?" तो म्हणाला, "हो आजी, टिक टिक करतं आणि नंबर येतो."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी गंमत या टिक टिकमध्ये आहे. डीकोडरमधल्या नोंदी वाचताना कंट्रोलर प्रश्न विचारतो, 'अमुक नोंदीत पाच आहे का?' डीकोडरला तोंड नाही. उत्तर 'हो' असेल तर तो क्षणभर, साधारण सहा मिलिसेकंद, साठेक मिलिअँपिअर जास्त प्रवाह ओढतो. कंट्रोलरला ती उसळी जाणवते. आणि हा जास्तीचा प्रवाह ओढायला डीकोडर सहसा काय वापरतो? मोटर! म्हणून इंजिन थरथरतं. हजेरीत 'हजर' म्हणण्याऐवजी हात वर करण्यासारखं. मग ज्याची मोटर थरथरते त्याचा मोटरचा भाग जळला कसा? त्या गृहस्थांच्या निदानाला तिथेच उत्तर मिळालं होतं, कुणी बघितलं नाही एवढंच.

मग दिवे ऐकतात आणि मोटर ऐकत नाही, असं केव्हा होईल? मी त्याला एकोणिसावी नोंद वाचायला सांगितली. आली 'पाच'. ती शून्य असायला हवी. घाटात दोन इंजिनं जोडून गाडी ओढतात ना, तशी दोन मॉडेल-इंजिनं एकत्र चालवायची तर दोघांच्या एकोणिसाव्या नोंदीत एकच सामाईक नंबर घालतात. तो आकडा तिथे असेपर्यंत इंजिन वेगाच्या बाबतीत फक्त सामाईक नंबराचं ऐकतं, स्वतःच्या नंबराने दिवे तेवढे लागतात. आधीच्या मालकाने जोडी तोडताना ती नोंद पुसली नव्हती. "तिथे शून्य लिही आणि मुख्य रुळावर ठेव." फोन चालूच होता. मला इंजिनाचा आवाज नाही ऐकू आला, पोराचा आला. त्याच्या बाबांनाही फोनवर बोलावून मी हे सगळं परत सांगितलं, मुद्दाम. ते इंजिन माळ्यावर गेलेलं नाही. अभ्यासाच्या टेबलाच्या वरच्या फळीवर आहे आणि परीक्षा होईपर्यंत तिथेच राहील असं ठरलं आहे.

आता माझी तक्रार अशी, की 'तू काहीतरी केलं असशील' हे म्हणायला काहीच लागत नाही. वर्गात काच फुटली की पहिलं नाव कुणाचं येतं, हे शिक्षकांच्या खोलीत आधीच ठरलेलं असायचं. तिथेही मी भांडायचे, इथेही भांडते. विचारणारा पंधरा वर्षांचा आहे, त्याने स्वतःचे पैसे घातले आहेत. आपण पन्नास-साठ वर्षांची मंडळी. एक प्रश्न उलट विचारायला काय हरकत आहे? 'वाचताना थरथरतं का?', 'एकाच जागी अडतं की सगळीकडे?', 'दुसरं इंजिन तिथे अडतं का?' एकाच जागी सगळी इंजिनं अडत असतील तर दोष जागेचा. एकच इंजिन सगळीकडे अडत असेल तर दोष इंजिनाचा. यासाठी बी. ए. सुद्धा व्हावं लागत नाही.

काही जण मला सांगतात, 'मावशी, तुम्हाला वेळ आहे. आम्ही नोकरीवाले. नवा डीकोडर बसवला की दहा मिनिटांत काम होतं.' वेळेचं मी मान्य करते. पण साधा डीकोडर काही हजारांना पडतो, आवाज काढणारा तर दहा हजारांच्या पुढे, आणि बरेचदा कुणीतरी परदेशातून येईपर्यंत वाट बघावी लागते. शिवाय या युक्तिवादात एक मोठी खोट आहे. समजा डीकोडर खरंच जळला. तो का जळला? आपोआप क्वचितच. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश थेट धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो आणि सांगाड्याला एका रुळाची वीज. जुन्या डीसीवर ते चालून जायचं. डीकोडरमध्ये मात्र रुळाची वीज थेट मोटरच्या बाजूने आत घुसते आणि तो मरतो. आता त्याच इंजिनात नवा डीकोडर बसवा. तोही मरणार. तिसराही. म्हणजे दहा मिनिटांत काम होतं हे खरं, फक्त काम कुणाचं होतं ते बघा. :-)

म्हणून मी उलटं करते. संशयित डीकोडर काढून तो धडधाकट इंजिनात लावून बघते, म्हणजे फार तर तो चालणार नाही. संशयित इंजिनात डीकोडरच्या जागी साधा ब्लँकिंग प्लग लावून जुन्या डीसीवर चालवून बघते. तिथेही अडखळलं तर प्रश्न मोटरचा, गिअरचा, नाही तर चाकांचा. डिजिटलचा संबंधच नाही. डीकोडर तपासायची मोटर आणि दिवे लावलेली पाटीही मिळते, ती आमच्या जावयांनी जर्मनीहून येताना आणली आणि अक्षरशः तिने आपले पैसे वसूल करून दिले. आणि नवा डीकोडर बसवण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून मोटरची दोन्ही टोकं प्रत्येक रुळाच्या चाकाशी लावून बघायची. बीप वाजला तर बसवायचा नाही. बस्स.

मल्टिमीटरवरून आठवलं. बरेच जण तो डीसीवर ठेवून रूळ मोजतात, काटा शून्याजवळ, आणि जाहीर करतात की वीजच येत नाही. रुळातला प्रवाह सारखा उलटत असतो, डीसीवर तो जवळजवळ शून्यच दिसणार. एसीवर ठेवा. स्वस्तातला मीटर आकडा अगदी बरोबर दाखवणार नाही (तो घरच्या पन्नास हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला असतो), पण जवळच्या स्टेशनात आणि लांबच्या स्टेशनात किती फरक आहे ते नक्की कळतं. आपल्याला तेवढंच हवं असतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला बिघाड आमच्याच घरातला, गेल्या मे महिन्यातला. आमच्याकडे मांडणीच्या एका टोकाला गाडी वळून परत त्याच रुळावर येते. अशा वळशात गंमत होते; डावा रूळ फिरून येऊन उजव्याला भेटतो आणि शॉर्ट होतो. (तिसरा मधला रूळ असलेल्या मार्कलिनच्या गाड्यांना हा त्रासच नाही. तो एक त्यांचा शहाणपणा.) म्हणून वळशाच्या दोन्ही टोकांना रूळ कापून फट ठेवतात आणि मध्ये एक छोटं यंत्र बसवतात. गाडीची चाकं फट ओलांडताना शॉर्ट झाला की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत वळशातल्या तारा उलट करतं. मे महिन्यात आमच्याकडे गाडी वळशात नीट शिरायची आणि बाहेर पडताना यंत्र टकटक टकटक करून सगळं बंद पडायचं. रात्री मात्र सगळं सुरळीत. समूहाचं निदान: यंत्र गेलं, बदला. ह्यांचं निदान: उन्हाने यंत्र तापतंय.

मी वही केली. शाळेची सवय. तारीख, वेळ, कोणतं इंजिन, काय झालं. आठवड्याभरात दिसलं, की सकाळी अकराच्या आधी एकदाही नाही आणि दुपारी दोन ते पाचमध्ये जवळजवळ प्रत्येक वेळी. इंजिन कुठलंही असो. म्हणजे इंजिन आणि डीकोडर सुटले. यंत्र टेबलाखाली गार फरशीजवळ, हात लावला तर थंड. मग खोलीत दुपारी वेगळं काय होतं? पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नेमकं त्या कोपऱ्यावर येतं. भिंग घेऊन फट बघितली. फट नव्हतीच! रूळ तापून लांबले होते आणि दोन्ही टोकं टेकली होती. दोन मीटर रूळ पंधरा अंशांनी तापला तर अर्धा मिलिमीटर वाढतो. आमची फट तेवढीच होती. मग झालं असं, की गाडी दुसऱ्या टोकाने बाहेर पडताना यंत्र तारा उलट करायचं, तर इकडची बुजलेली फट शॉर्ट करायची. परत सुलट करायचं, तर चाकं शॉर्ट करायची. बिचारं यंत्र दोन सासवांमध्ये सापडलेल्या सुनेसारखं टकटक करत राहायचं. फट थोडी रुंद कापली, प्लास्टिकचा कपटा आत चिकटवून रुळाच्या आकारात घासला. खर्च शून्य. ह्यांनी खुर्चीतून 'वा!' म्हटलं, जे ते फारसं म्हणत नाहीत.

ह्या सगळ्यात मला इलेक्ट्रॉनिक्स किती येतं? फारसं नाही. डीकोडरच्या पाटीवरचे ते मुंगीएवढे भाग काय करतात ते मला सांगता येणार नाही, आणि तिथे खरंच काही जळलं असेल तर मी हात लावत नाही, ज्याला कळतं त्याच्याकडे पाठवते. पण रोजचे बिघाड तिथवर पोचतच नाहीत. ते रुळावर असतात, चाकांवर असतात, सैल डाखात असतात, नाही तर एखाद्या नोंदीत. एकोणतिसाव्या नोंदीचंच बघा. एकाच आकड्यात चार-पाच गोष्टी कोंबलेल्या. दोन म्हणजे वेगाचे अठ्ठावीस किंवा जास्त टप्पे, चार म्हणजे जुन्या डीसीवरही चालण्याची मुभा, बत्तीस म्हणजे लांब नंबर. मिळून अडतीस. लांब नंबर दिला आणि बत्तीस मिळवायचे राहिले, की इंजिन आपल्या जुन्या नंबरालाच ओ देत बसतं. वेगाच्या टप्प्यांची दोन्हीकडे फारकत असली, तर वेग वाढवताना पुढचा दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो. बेरीज चुकली, एवढाच आजार. त्याला नवा डीकोडर हे औषध कसं असेल?

ज्यांनी बिघाडांच्या वह्या ठेवल्या असतील त्यांनी मला जरूर कळवावं. विशेषतः कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी, खारट दमट हवेत जोडपट्ट्या किती दिवस टिकतात ते मला हवं आहे. इथल्या कोरड्या हवेवरून मी तुम्हाला सांगणं बरोबर नाही.

ता. क. – निळ्या तारेबद्दल तिघांनी विचारलं होतं. लाल आणि काळी रुळाकडून येतात (लाल उजवा, काळी डावा), नारिंगी आणि राखाडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. निळी ही सगळ्या दिव्यांची सामाईक धन तार आहे, ती सांगाड्याला कुठेही लागू द्यायची नाही. एलईडी असेल तर मध्ये एक हजार ओहमचा रेझिस्टर घाला, नाही तर तो एकदाच आणि फार सुंदर चमकतो. आणि आठ पायांचा प्लग उलटा बसला तर घाबरू नका, इंजिन बहुधा चालतं, दिवे तेवढे लागत नाहीत. काढून फिरवून लावा.